आधी माझं, मग देवाचं

फोरमनला वृद्धाश्रमात आणलं तेव्हा मावशी तिसऱ्या खोलीतल्या आजोबांची दाढी करत होती. व्हरांड्यात चाकाच्या खुर्चीची कुरकुर झाली म्हणून तिनं सहज मान वळवली आणि वस्तरा हवेतच राहिला.

"अगं, मिशी वाचव माझी," आजोबा म्हणाले. "एवढीच उरलीय."

मावशीनं मिशी वाचवली, त्यांचं तोंड पुसलं, टॉवेल झटकला. ज्या माणसाचा चेहरा एकोणीस वर्षं रोज डोळ्यांसमोर आणून तिनं मनातल्या मनात रोज नव्यानं त्याचं वाटोळं केलं होतं, तो माणूस समोर बसला होता. उजवा हात मांडीवर टाकून दिल्यासारखा पडलेला, ओठाचा एक कोपरा खाली ओघळलेला, हनुवटीखाली फडकं. उजवं अंग गेलं होतं आणि वाचाही; डावंही जवळजवळ लुळं पडलं होतं, मानसुद्धा हलवता येत नव्हती. त्याच्या भाच्यानं बॅग खाली ठेवली, मदरशी दोन शब्द बोलला आणि घड्याळ बघत निघून गेला.

आश्रम नन्सचा होता आणि मदर तिथल्या मुख्य. मावशी तिथली आया. म्हाताऱ्यांना उठवायचं, धुवायचं, भरवायचं, कुशीवर वळवायचं, हे तिचं काम. इतकी वर्षं सगळे मावशीच म्हणत आले होते, त्यामुळे खऱ्या नावानं कुणी हाक मारली तर ती वळूनही बघत नसे.

तिचा नवरा लाकडाच्या गिरणीत गोल करवतीवर होता. करवतीच्या पात्यावर एक लोखंडी झाकण असे. जाड ओंडका आला की ते काढायचं, मग पुन्हा बसवायचं, आणि त्यात वेळ जायचा. फोरमननं हुकूम सोडला, झाकण नकोच. एका सकाळी ओंडक्यातली गाठ फुटली, लाकडाची ढलपी उडाली आणि नवऱ्याच्या गळ्यात घुसली. भुशावर पडला तो उठलाच नाही. चौकशी झाली तेव्हा फोरमननं कपाळाला, छातीला, खांद्यांना बोटं लावून क्रुसाची खूण केली आणि सांगितलं, "सकाळपासून प्यायलेला होता. झाकण त्यानंच काढलं." बाकीच्या कामगारांनी माना खाली घातल्या.

ज्या माणसाला खोकल्याच्या औषधाच्या वासानंसुद्धा मळमळायचं, तो असा मेल्यावर दारुडा झाला. भरपाई बुडाली ती बुडाली. पण चर्चमधल्या अंत्यविधीच्या प्रार्थनेत, मिस्सेत, त्या वेळचे म्हातारे फादर, शवपेटी समोर ठेवून, दारूच्या दुष्परिणामांवर बोलले. चांगलं लांबण लावून बोलले. पहिल्या बाकावर बसलेली मावशीची चिमुरडी मुलगी मोठ्यानं विचारत होती, "आई, कोण प्यायलं?" पुढे शाळेत त्या मुलीचं नाव 'बाटली' पडलं आणि शाळा सुटली तरी नाव सुटलं नाही.

मावशीनं चर्च काही सोडलं नाही. दर रविवारी जाई, गुडघे टेकी, गाणी म्हणे. प्रभूच्या प्रार्थनेत 'आम्हीही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो' ही ओळ आली की मात्र ओठ मिटून घेई. देवालाही ते माहीत असणार, असं तिला वाटे. त्यानं कधी हरकत घेतल्याचं तिला जाणवलं नव्हतं.

फोरमन आला त्याच संध्याकाळी ती मदरकडे गेली. "मदर, नवीन आलेत त्यांचं मी बघते."

"चिडचिडे आहेत म्हणे. बोलताही येत नाही. जमेल तुम्हाला?"

"न बोलणाऱ्या माणसाची मला सवय आहे," मावशी म्हणाली.

देवानंच त्याला आपल्या दारात आणून टाकलाय, याबद्दल तिच्या मनात काडीची शंका नव्हती. इतकी वर्षं देव आपल्याला कुठे चालवत नेतोय ते तिला कळत नव्हतं. आता कळलं. या खोलीपर्यंत.

तिनं दार लोटलं आणि त्याच्या कानाशी वाकली. "ओळखलंस का मला?"

त्याचे डोळे भिरभिरले. त्याचा डावा हात तिच्या मुठीत होता आणि त्यातला अंगठा तेवढा जिवंत होता. तिनंच मग त्याला शिकवलं. "एकदा दाबलंस तर हो. दोनदा दाबलंस तर नाही. आता सांग. ओळखलंस?"

अंगठा एकदा दाबला गेला.

त्या दिवसापासून मावशीनं फोरमनची अशी काही सेवा मांडली की बाकीच्या आयांनी तोंडात बोटं घातली. त्याच्या पाठीला एक जखम होऊ दिली नाही. पेज गाळून, कोमट करून, घोट घोट पाजली. सुकत चाललेल्या हातापायांना रोज तेल लावलं. तो जगला पाहिजे, शुद्धीत राहिला पाहिजे, कान शाबूत राहिले पाहिजेत. मेलेल्याला काय ऐकवणार? आणि दार लोटलेलं असलं की ती ऐकवायची. नवऱ्याला घरी आणलं तेव्हा गळ्याला कसला बोळा लावला होता ते. मुलगी शाळेतून रडत आली की काय सांगायची ते. फोरमन डोळे मिटायचा. "मीट," ती म्हणायची. "कान कसे मिटशील?"

"मावशी, तुमच्यासारखी सेवा मी पाहिली नाही," मदर एकदा म्हणाल्या.

"देव करवून घेतो," मावशी म्हणाली, आणि ती ते थट्टेनं म्हणत नव्हती.

दर वर्षी आश्रमातल्या म्हाताऱ्यांना टेकडीवरच्या चॅपलला नेत. वर जाणाऱ्या वाटेवर क्रुसाच्या वाटेचे चौदा थांबे होते. येशूला शिक्षा सुनावली तिथपासून त्याला थडग्यात ठेवलं तिथपर्यंतची, भिंतीत बसवलेली चौदा दगडी चित्रं. ज्यांना चालता येई ते चालत, बाकीच्यांच्या खुर्च्या ढकलाव्या लागत. चढ छातीवर येणारा. त्या दिवशी ऊनही चढलेलं होतं.

नवे फादर तरुण होते. चष्मा घामानं सारखा नाकावर घसरत होता. पायथ्याशी उभं राहून ते म्हणाले, "आपलं सगळं आयुष्य ही अशीच यात्रा आहे. घर वर आहे, आपण अजून वाटेत आहोत. कुणी चालतं, कुणाला ढकलावं लागतं. पण एकटं कुणीच पोचत नाही."

"ढकलणाऱ्यांना विचारा," मिशीवाले आजोबा म्हणाले, आणि सगळे हसले.

मावशी हसली नाही. तिनं फोरमनच्या खुर्चीचा ब्रेक सोडला.

पहिल्या थांब्यावर फादर प्रार्थना वाचत होते तेव्हा ती खुर्चीच्या मुठींवरून वाकून हळूच बोलत होती. "बघ. ह्याला शिक्षा सुनावतायत. काही न करता. आणि शिक्षा देणारा तो कोपऱ्यात हात धुतोय बघ. तू धुतलेस का रे हात? गिरणीतल्या त्या नळावर?" लांबून बघणाऱ्याला वाटावं, भाविक बाई आजाऱ्याला चित्र समजावून सांगते आहे. मदरना तसंच वाटलं. त्यांनी कौतुकानं मान हलवली.

जिथे एका परक्या वाटसरूला पकडून त्याच्या खांद्यावर क्रूस दिला, त्या थांब्यापर्यंत मावशीचे दंड भरून आले होते. दगडातला तो माणूस वैतागलेला दिसत होता. तिला तो पहिल्यांदाच आवडला. पुढच्या थांब्यावर एक बाई येशूचा चेहरा पुसत होती. फोरमनच्या ओठातून लाळ गळाली आणि तिनं ती पुसली. रोज पुसायची तशीच, पण त्या चित्रासमोर पुसताना तिचा असा संताप झाला की फडकं तिनं त्याच्या मांडीवर फेकलं.

तिसऱ्यांदा पडलेल्या येशूपाशी सगळे दम घ्यायला थांबले. फादर पुढे एका आजीला पाणी पाजत होते. मावशीनं खुर्ची कठड्याशी लावली, समोर येऊन उकिडवी बसली आणि त्याचा डावा हात हातात घेतला. इतके महिने तिनं नुसतं ऐकवलं होतं. विचारलं नव्हतं. काय उत्तर येईल याची तिला भीती होती, हे तिला आत्ता कळलं.

"माझा नवरा त्या दिवशी प्यायला होता का?"

फोरमन तिच्याकडे बघत राहिला. मग अंगठा दाबला गेला. एकदा. मग पुन्हा दाबला गेला.

नाही.

"झाकण तू काढायला लावलंस?"

एकदा. आणि दुसरा दाब आला नाही.

एकोणीस वर्षं तिनं या उत्तरासाठी देवाचं डोकं खाल्लं होतं. आता ते मिळालं आणि तिच्या तळहातावर मावलं. कुणी पाहिलं नाही, कुणी ऐकलं नाही. दगडातला येशू पालथा पडलेला होता आणि फादर आजीला म्हणत होते, "हळू प्या, हळू." मावशी उठली. गुडघे कटकन वाजले. आपल्याला आनंद का होत नाही, या विचारानं ती आणखीच पेटली आणि उरलेला चढ तिनं खुर्ची अशी ढकलली की बाकीच्या आया मागे पडल्या.

वर चॅपलमध्ये गारवा होता. मिस्सा झाल्यावर फादर आजाऱ्यांना पवित्र तेल लावत एकेका खुर्चीपाशी येऊ लागले. ज्यांना बोलता येई ते आधी त्यांच्या कानात पापनिवेदन करत, फादर क्षमेचा हात वर करत, मग कपाळाला नि तळव्यांना तेल. फोरमनपाशी आल्यावर ते गोंधळले.

"यांचं मावशींना कळतं," मदर म्हणाल्या. "फक्त त्यांनाच कळतं."

फादर फोरमनसमोर वाकले. "तुमच्या हातून जे काही झालं असेल, त्याचं तुम्हाला वाईट वाटतं का? देवाची क्षमा हवी आहे का?"

फोरमनचा हात मावशीच्या हातात होता. अंगठा दाबला गेला. एकदाच, पण नख रुतेल इतक्या जोरात, आणि तो दाबून ठेवला त्यानं, सोडेचना. डोळे फादरकडे नव्हते. तिच्याकडे होते.

"काय म्हणतात?" फादरनी विचारलं.

"नाही म्हणतात," मावशी म्हणाली. "नको म्हणतात."

फोरमनच्या घशातून एक आवाज निघाला. फादरना वाटलं तो रागावला. त्यांचा तेलाचा अंगठा हवेतच थांबला. "असू दे," ते मऊपणानं म्हणाले. "जबरदस्ती नाही. मी गुरुवारी येईन आश्रमात. तोवर विचार करा." त्यांनी नुसता आशीर्वाद दिला आणि पुढच्या खुर्चीकडे गेले.

उतरताना खुर्ची मागे खेचून धरावी लागते. सगळा भार मनगटांवर येतो. फोरमन रडत होता, आवाज न करता, फडकं भिजेपर्यंत. मावशीच्या मनात एकच वाक्य होतं. आता कळलं याला, आपल्या नावावर खोटं कुणी सांगितलं की कसं वाटतं ते.

घरी गेली तेव्हा मुलगी जेवायला बसली होती. ती दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका कारखान्यात कामाला होती आणि तिच्या बाह्यांवर कायम प्लास्टरची पांढरी भुकटी असे. मावशीनं चप्पल काढायच्या आधी सगळं सांगितलं. फोरमन आश्रमात असल्याचंही तिनं आजवर मुलीपासून लपवलं होतं. तेही सांगितलं. शेवटी म्हणाली, "त्याला नरकात धाडलं मी आज. एका शब्दात."

मुलीचा घास हातातच राहिला. "तो म्हणाला, बाबा प्यायले नव्हते?"

"हो. अंगठ्यानं."

"आणि ते तू फादरना सांगितलंस?"

"नाही."

"मदरना?"

"नाही म्हटलं ना."

"मग काय केलंस तू तिथे?" मुलगी ताट सारून उठली. "त्याचा स्वर्ग अडवून मला काय मिळणार होतं? अजून कारखान्यात दोघंजण मला बाटली म्हणतात. ज्या वेदीसमोर बाबांची बेअब्रू झाली, त्या वेदीसमोरून कुणीतरी सांगायला हवं होतं की ते प्यायलेले नव्हते. तुझ्या हातात साक्षीदार होता आई. जिवंत. आणि तू त्याच्या वतीनं खोटं बोललीस."

"त्याची लायकीच..."

"त्यानं दुसरं काय केलं होतं? बाबांना बोलता येत नव्हतं, म्हणून बाबांच्या वतीनं तो बोलला."

मावशीनं मुलीवर हात उगारला. लहानपणीही कधी उगारला नव्हता. तो तसाच खाली आला आणि ती मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिली. त्या माणसानं नवरा नेला, नाव नेलं, आणि आता तिला स्वतःसारखीही करून ठेवलं, असं तिच्या मनात आलं. त्याच्यावरचा राग कमी झाला नाही. उलट त्याला आणखी एक फांदी फुटली.

पुढचे दिवस फोरमननं तोंड उघडलं नाही. चमचा ओठांशी नेला की दात आवळून घ्यायचा. मदर म्हणाल्या, डॉक्टरांना बोलवावं लागेल. मावशी पेला घेऊन बसे आणि विचार करी. खरं बाहेर काढायचं तर त्याचा अंगठा फादरच्या हातात द्यायला हवा. आणि तो दिला की टेकडीवरचं तिचं खोटं उघडं पडणार. नोकरी जाईल. चर्चमध्ये लोक तिच्याकडे वळून बघतील. याआधी बघत होतेच, पण तेव्हा तिची काही चूक नव्हती.

गुरुवारी दुपारी फादर आले. मदरही त्यांच्यासोबत खोलीत आल्या. फादरनी खुर्ची ओढली, फोरमनपाशी बसले आणि मावशीला म्हणाले, "विचारा त्यांना, आज काय वाटतं."

"तुम्हीच विचारा," मावशी म्हणाली. "हात धरा त्यांचा. एकदा दाबलं की हो, दोनदा दाबलं की नाही. त्या दिवशी ते हो म्हणाले होते. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

मदरचा चेहरा पांढरा पडला. "मावशी! एका माणसाच्या आत्म्याशी खेळलात तुम्ही?"

"खेळले. ते एकोणीस वर्षं माझ्या नवऱ्याच्या नावाशी खेळले." आणि तिनं थोडक्यात सगळं सांगितलं. करवत, झाकण, चौकशी, शवपेटीसमोरचं ते प्रवचन. फादर ऐकताना चष्मा काढून पुसत राहिले. मग त्यांनी फोरमनचा हात हातात घेतला आणि मदरना म्हणाले, "जरा बाहेर थांबा. मी यांचं पापनिवेदन ऐकतो."

मावशी दारात आडवी उभी राहिली.

"पापनिवेदनात ते जे सांगतील, ते तुम्ही बाहेर कुणाला सांगाल?"

"नाही," फादर म्हणाले. "ते मला मरेपर्यंत कुणाला सांगता येत नाही. तुम्हाला माहीत आहे."

"म्हणूनच विचारते. म्हणजे तुम्ही हात वर करणार, ते मोकळे होणार, आणि माझा नवरा त्या गुपितात पुन्हा पुरला जाणार. नाही फादर. आधी माझं, मग देवाचं. दार उघडं ठेवून, सगळ्यांसमक्ष. मग तुम्ही त्यांना तेलात बुडवून काढा, मी मध्ये येणार नाही."

"असं अडवता येत नाही कुणाला," मदर म्हणाल्या. "क्षमेवर अटी नसतात."

"माझ्या असतात."

फादरनी चष्मा नाकावर चढवला. मग ते फोरमनकडे वळले. "तुम्हाला क्षमा हवी असेल तर यांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायलाच हवं, असं मी म्हणणार नाही. तुम्ही नाही म्हणालात, तरी मी दार लावून तुमचं ऐकणार आहे. यांना दारातून उचलून बाजूला करावं लागलं तरी." त्यांनी मावशीकडे पाहिलं, आणि त्या किरकोळ माणसाकडे बघून तिला वाटलं, हा खरंच करेल. "पण तुम्हाला सांगायचं आहे का? सगळ्यांसमोर?"

सगळ्यांचे डोळे त्या अंगठ्यावर. व्हरांड्यातल्या आया दारात गोळा झाल्या होत्या, मिशीवाले आजोबा काठी टेकत सगळ्यांच्या पुढे घुसले होते.

"हो म्हणतात," फादर म्हणाले.

"तो प्यायला होता का, विचारा."

फादरनी विचारलं. थांबले. "नाही."

"झाकण कुणी काढायला लावलं? यांनीच?"

"हो."

"चौकशीत शपथेवर खोटं बोलले?"

या वेळी अंगठा लवकर हलला नाही. फोरमनच्या कपाळावर घामाचे थेंब आले होते. मग फादर म्हणाले, "हो."

"मी पाहिलं," आजोबा मोठ्यानं म्हणाले. "कुणी विचारलं तर सांगेन. चष्म्याशिवाय पाहिलं."

"आणि हे चर्चमध्ये सांगू का? रविवारी? वेदीसमोरून?" हे फादरनी स्वतःहून विचारलं. मावशीनं मुलीचं म्हणणं अजून त्यांच्या कानावर घातलंही नव्हतं. अंगठा एकदाच दाबला गेला, तशी त्यांनी मान डोलावली.

मावशी दारातून बाजूला झाली. दार लागलं. ती व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी राहिली. आतून फादरचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. कुणीतरी तिला पाण्याचा पेला दिला, तो तिनं रिकामा केला. आत तो माणूस सुटत होता. तिला हे सहन होत नव्हतं, पण ती तिथेच उभी राहिली.

मदरनी तिला नोकरीवरून काढलं नाही. धुलाईच्या खोलीत पाठवलं.

रविवारी मिस्सेत फादर वाचनाच्या मेजाशी आले आणि तिच्या नवऱ्याचं नाव घेतलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. "गिरणीत काम करताना त्यांचा जीव गेला," ते म्हणाले. "ते प्यायलेले नव्हते. झाकण त्यांनी काढलं नव्हतं. ज्यांनी तसं सांगितलं होतं त्यांनी स्वतः आता खरं सांगितलं आहे आणि ते तुम्हाला कळवायला मला परवानगी दिली आहे. याच ठिकाणाहून त्यांच्यावर अन्याय झाला. त्याबद्दल मी त्यांच्या पत्नीची आणि मुलीची माफी मागतो." एवढंच. प्रवचन केलं नाही.

मुलगी हुंदके देऊन रडली. मावशी रडली नाही. ती मागच्या बाकावर ताठ बसून वळलेल्या प्रत्येक चेहऱ्याकडे बघत होती, तो खाली जाईपर्यंत. गिरणीतले जुने कामगार कुठे बसतात ते तिला ठाऊक होतं. त्यांच्याकडे तिनं सगळ्यांत जास्त वेळ पाहिलं.

बाहेर त्यांतला एक जण आला. नवऱ्याचा जोडीदार होता, करवतीच्या दुसऱ्या टोकाला उभा राहायचा. आता त्याला नीट उभंही राहता येत नव्हतं. "वहिनी," तो म्हणाला, "आमची पोरं लहान होती तेव्हा. नोकरी..."

"माझीही लहानच होती," मावशी म्हणाली आणि पुढे निघाली.

फादरनी तिला पायऱ्यांवर गाठलं. ती ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत आली नव्हती, हे त्यांनी पाहिलं होतं. "पापनिवेदनाला येणार का?"

"काय सांगू येऊन? खोटं बोलले त्याचा पश्चात्ताप आहे. त्याला रडवलं त्याचा नाही. अर्ध्याला क्षमा मिळते का?"

"या तर खरं."

पापनिवेदनाच्या जाळीआड तिनं सगळं पुन्हा सांगितलं, आणि वर एक जास्तीचं. "त्याला आता शांत झोप लागते म्हणतात. मला लागत नाही. हा कुठला न्याय?"

"मला नाही माहीत," जाळीपलीकडून फादर म्हणाले. "तुम्ही त्यांना माफ केलं असं म्हणायला मी सांगणार नाही. अजून एक खोटं नको. माफ करण्याची इच्छा तरी व्हावी, असं कधी वाटतं का?"

मावशीनं विचार केला. "मुलीसाठी वाटतं. ती माझ्यासारखी होऊ नये म्हणून."

"तेवढ्यावर आज चालेल. एकटे असताना काय म्हणता तुम्ही त्यांना?"

"काय म्हणते म्हणजे?"

"हाक कशी मारता?"

"तू म्हणते. दुसरं काय म्हणणार?"

"मग प्रायश्चित्त म्हणून एक करा. एकटे असतानाही त्यांना 'तुम्ही' म्हणा."

"बस? एवढंच?"

"करून तर बघा," फादर म्हणाले आणि क्षमेचे शब्द उच्चारू लागले.

रोझरीच्या पाच माळा जपायला सांगितल्या असत्या तर परवडल्या असत्या, असं तिला घरी जाताना वाटलं. मुलगी सोबत होती, बाह्यांवर भुकटी नसलेली, सणासारखी. तिनं आईचा हात धरला होता आणि कुणाशी बोलावं असं दोघींनाही वाटत नव्हतं.

धुलाईतून मदरनी तिला लवकरच परत वर आणलं, कारण फोरमन दुसऱ्या कुणाच्या हातून धड खात नव्हता. पहिल्या सकाळी ती पेजेचा वाडगा घेऊन आत गेली आणि सवयीनं दार लोटलं. तो तिच्याकडे बघत होता. घाबरून नाही, नुसता. तिनं खुर्ची ओढली, चमचा भरला आणि ओठांशी नेला. 'तोंड उघड' हे शब्द जिभेवर तयार होते. ते तिनं गिळले. दुसरे शब्द मात्र पुढे येईनात. दात-ओठ खात ती तशीच बसून राहिली. पेजेवर साय धरायला लागली.

"उघडा तोंड," ती शेवटी म्हणाली. गुरकावूनच म्हणाली.

त्यानं तोंड उघडलं. काही घास नीट गेले. मग त्याला ठसका लागला, पेज तिच्या नव्या साडीच्या पदरावर उडाली, आणि तिच्या तोंडून "नीट गिळता येत नाही का रे तुला" असं निघून गेलं. ती थांबली. कपाळावर हात मारला. पदर पुसला, चमचा पुन्हा भरला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.